कंदील पिळवटतो का आणि डोमचा शेवटचा पाइप बसत का नाही

वाचक विचारतात

दिवाळी जवळ आली की या पानावर कंदिलाची पत्रं येणारच, पण या खेपेला गंमत अशी की कंदीलवाले, गच्चीवाले, कॉलेजवाले सगळे एकाच ठिकाणी अडकलेत. काड्या कापून झाल्या, आता कोपऱ्यात त्या एकमेकींना धरणार कशा? म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात ढकललेत. सोलर हीटरवाले काका, तुमचं पत्र मिळालंय, रागावू नका.

प्रश्न : आमची सोसायटी घोडबंदर रोडला आहे, गेटवर दरवर्षी मोठा कंदील लावतो. मागच्या वर्षी सहा फुटी केला, घरच्या कंदिलासारखाच, सहा चौकोन आणि आठ त्रिकोण, बांबूच्या कामट्या सुतळीने बांधून आणि वरून पतंगी कागद. खाली ठेवलेला तोवर एक नंबर दिसत होता, दोरीने वर ओढला आणि रात्रीत असा काही पिळवटला की झिरमिळ्या एका बाजूला आणि पोट दुसऱ्या बाजूला. कमिटीचं म्हणणं यंदा जाड कामट्या घ्या. आधी कॉम्प्युटरवर करून बघता येईल का?
— एक सेक्रेटरी, ठाणे पश्चिम

उत्तर : सेक्रेटरीसाहेब, कॉम्प्युटर नंतर उघडू, आधी बोटांवर मोजून बघा. तुमच्या कंदिलाला कोपरे १२ आणि कामट्या २४. आता प्रत्येक कोपरा तीन दिशांनी हलू शकतो आणि प्रत्येक कामटी त्यातली एक हालचाल अडवते, म्हणजे १२ कोपऱ्यांच्या ३६ हालचाली, त्यातून अख्खा कंदील इकडून तिकडे सरकणं-फिरणं याच्या ६ वजा करा, राहिल्या ३०. अडवायच्यात ३० आणि तुमच्याकडे कामट्या २४. सहा कमी पडल्या. हा हिशेब मॅक्सवेलने १८६४ मध्ये मांडला, तोच विजेवाला मॅक्सवेल, आणि यात जाडीचा कुठेच संबंध नाही बघा, मनगटाएवढे बांबू घेतले तरी सुतळीने बांधलेला चौकोन तिरका होणारच कारण सुतळीची गाठ बिजागरीसारखी फिरते. त्रिकोण फिरत नाही, चौकोन फिरतो, आणि चौकोन तुमच्याकडे बरोब्बर सहा आहेत. डोमसाठी गाजलेल्या बकमिन्स्टर फुलरने याच आकाराचं बिजागरीवालं मॉडेल करून दाखवलं होतं, वरून दाबलं की ते स्वतःभोवती पिळत पिळत मिटत जातं, त्याला तो जिटरबग म्हणायचा. तुमच्या गेटवर तेच झालं, फक्त फुकटात.

मग घरचा छोटा कंदील का टिकतो? कागदामुळे! खळीने ताणून चिकटवलेला कागद चौकोनाचं तिरकं होणं अडवतो, म्हणजे तो कर्णाचं काम करतो. पण वरचा चौकोन आपण दोरीसाठी उघडा ठेवतो आणि खालचा बल्बसाठी, म्हणजे कागद चारच चौकोनांना, २४ आणि ४ मिळून २८, तरी दोन कमीच. छोट्यात ते खपून जातं कारण वजन नसतं आणि गाठी नव्या घट्ट असतात. सहा फुटीत कागद सैल पडतो, त्यात रात्रीचं दव, मग कागदाची मदत गेली की सहाच्या सहा हालचाली मोकळ्या.

करायचं इतकंच की सहाही चौकोनांत आतून बारीक तार फुलीसारखी ताणायची, दोन्ही कर्णांवर, एका कर्णावर नाही, कारण तार ओढ घेते पण दाब घेत नाही, चौकोन दुसऱ्या बाजूला कलला तर ती नुसतीच लोंबेल. खालच्या चौकोनातली फुली बल्बच्या आड येते म्हणून लोक ती सोडून देतात, ती सोडू नका, बल्ब तिच्या वर टांगा. आणि जाडीचा प्रश्न वेगळा आहे, लांब कामटी दाबाखाली धनुष्यासारखी वाकते, लांबी दुप्पट केली की ती पेलते तो दाब एक चतुर्थांशावर येतो. त्यासाठी जाड घ्या, पिळवटण्यासाठी नको.

प्रश्न : ऐरोलीला गच्चीवर पालेभाज्या लावतोय, त्यावर ग्रीन नेटचा डोम करायचाय. २५ मिमीचे इलेक्ट्रिकलचे कंड्युट पाइप आणलेत, भाच्याकडे थ्रीडी प्रिंटर आहे त्याने जोड छापले. नेटवरच्या कॅल्क्युलेटरने ६५ पाइप सांगितले, पाचतोंडी जोड ६, सहातोंडी १० आणि जमिनीलगतचे चारतोंडी १०. वरचं सगळं छान बसलं पण खालच्या रिंगमध्ये एक जोड बसतो, शेजारचा नाही बसत, परत पुढचा बसतो. जोर लावला तर दोन जोड तडकले. भाचा म्हणतो पाइप वाकडे आहेत, मी म्हणतो प्रिंटर वाकडा आहे.
— एक गृहस्थ, ऐरोली

उत्तर : दोघंही सरळ आहात, वाकडा तो कॅल्क्युलेटर. दहाचा आकडा बरोबर आहे पण ते दहा एकसारखे नसतात, पाच डावे असतात आणि पाच उजवे.

जरा सविस्तर सांगतो कारण हा घोळ खूप जणांचा होतो. तुमच्या डोममध्ये पाइपच्या दोनच लांब्या आहेत, आखूड म्हणजे त्रिज्येच्या ०.५४६५ पट, असे ३०, आणि लांब म्हणजे ०.६१८ पट, असे ३५. पाचतोंडी जोडाला पाचही आखूड येतात, सहातोंडीला दोन आखूड समोरासमोर आणि चार लांब. जमिनीलगतचा चारतोंडी म्हणजे सहातोंडीच, फक्त मधोमध कापलेला, आणि काप जातो दोन लांब पाइपांवरून. उरलेल्या अर्ध्यात क्रम येतो लांब, आखूड, लांब, लांब. पुढच्या जोडाला तोच क्रम उलटा, लांब, लांब, आखूड, लांब, कारण आखूड पाइप आळीपाळीने एकदा डावीकडे कलतो आणि एकदा उजवीकडे. म्हणजे एक दुसऱ्याचं आरशातलं रूप झालं, आणि जोड उलटा करून लावावा म्हटलं तर तोंडं आत वाकायच्या ऐवजी बाहेर वाकतात. दोघांतला फरक केवढा, तर पाइपांमधला कोन एका ठिकाणी साठ अंश आणि दुसऱ्या ठिकाणी साडेपंचावन्न. हातात घेतला तर कळतसुद्धा नाही, पण मीटरभर लांब पाइपच्या दुसऱ्या टोकाला तेच साडेचार अंश सात-आठ सेंटीमीटर होतात, मग तडकणार नाही तर काय होणार!

उपाय सोपा आहे, स्लायसरमध्ये (प्रिंटरसाठी फाइल तयार करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) मिररची सोय असते, चारतोंडीची फाइल आडवी मिरर करून पाच छापा. आणि कृपा करून प्रत्येक जोडावर डा किंवा उ असं उठावदार अक्षर टाका, आणि प्रत्येक तोंडाशी लां किंवा आ. मार्करने लिहिलेलं गच्चीवर उन्हात पुसतं.

आता पाइप कापले नसतील तर (कापले असतील तर हा परिच्छेद वाचू नका, उगाच त्रास). कॅल्क्युलेटर देतो ती लांबी जोडाच्या मध्यापासून मध्यापर्यंत असते, पण पाइप मध्यापर्यंत जाऊच शकत नाही, तिथे बाकीचे पाइपही येणार ना. दोन पाइप किती लांब थांबायला हवेत याचं साधं सूत्र आहे, सॉकेटची, म्हणजे जोडाच्या तोंडाची, बाहेरची त्रिज्या भागिले कोनाच्या निम्म्याचा टॅन्जंट. तुमच्या सॉकेटची बाहेरची त्रिज्या १६ मिमी धरली आणि सगळ्यात चिमटा कोन साडेपंचावन्नचा, तर साधारण ३० मिमी येतात. म्हणजे प्रत्येक पाइप दोन्ही टोकांना मिळून ६० मिमी आखूड कापायचा. आणि इथेच पैसे वाचतात, कंड्युट मिळतो तीन मीटरचा, डोमची त्रिज्या १.७ मीटर धरा, लांब पाइप ९९० मिमीचा येतो आणि आखूड ८६९ चा, म्हणजे दोन्ही एका नळीत तीन-तीन बसतात, १२ नळ्या आणि १० नळ्या, २२ मध्ये काम झालं. त्रिज्या हौसेने दोन मीटर केलीत की एका नळीत दोनच आणि ३३ नळ्या. मध्ये उंची १.७ मीटरच मिळते, उंच माणसाने जरा वाकून मेथी खुडावी.

पुढचं जास्त महत्त्वाचं. वरच्या पत्रातला हिशेब इथे लावा, जोड २६, तीनने गुणून ७८, वजा ६ म्हणजे ७२ हवेत आणि पाइप आहेत ६५. सात कमी! सगळीकडे त्रिकोणच त्रिकोण असून कमी कसे? कारण खालची दहाकोनी रिंग मोकळी आहे, तिच्यात त्रिकोण नाहीत. म्हणून असा डोम उचलून नेताना जेलीसारखा हलतो आणि खाली दहाही पाय पक्के बांधले की एकदम दगड होतो, बरेच लोक नेमके हलतो म्हणून वरच्या जोडांना जास्तीचे स्क्रू मारत बसतात. पाय बांधा. पण गच्चीत ड्रिल मारू नका हं, खाली ब्रिकबॅट कोबा आहे, वॉटरप्रूफिंग फोडलंत तर खालच्या मजल्याशी कायमचं वैर. प्लायची रिंग किंवा सिमेंटचे ब्लॉक, त्याला पाय बांधायचे.

भाच्याला विचारा जोड कशाचे छापले. पीएलए नावाचं प्लास्टिक असेल तर साठ अंश तापमानाच्या आसपास मऊ पडतं आणि एप्रिल-मेमध्ये गच्चीवरचं काळं प्लास्टिक तिथवर सहज पोचू शकतं, पाइपचं वजन कायम असतं, सॉकेट हळूहळू वाकडी होतात. पीईटीजी साधारण ऐंशीपर्यंत टिकतं, एएसए आणखी वर आणि उन्हालाही चांगलं. दुसरं म्हणजे छापताना जोड चपटा झोपवा, या डोममध्ये तोंडं जेमतेम सोळा-अठरा अंश वाकलेली असतात, म्हणजे झोपवला की थर पाइपच्या दिशेने जातात. उभा छापलात तर थरांमधूनच सुटतो, तुमचे दोन तसेच तडकले असणार.

शेवटचं वाऱ्याचं. भारतीय मानकात मुंबई भागासाठी मूळ वाऱ्याचा वेग सेकंदाला ४४ मीटर धरतात, त्याचा दाब येतो चौरस मीटरला ११८ किलोच्या आसपास, आणि तुमचा डोम वरून बघितला तर नऊ चौरस मीटरचा आहे. गुणाकार करा आणि ताडपत्री लावायचा विचार सोडा. ग्रीन नेटमधून वारा जातो, तरीही जूनच्या आधी नेट उतरवा. सोसायटीची परवानगी घेतलीय ना?

प्रश्न : शाळेत शिकवते, कळव्याला. आठवी-नववीच्या मुलांकडून तांब्याच्या तारेचे घन, चतुष्फलक वगैरे करून घ्यायचेत. एकच तार न तोडता वाकवून पूर्ण आकार होतो का? मुलं पैजा लावतायत.
— एक शिक्षिका, कळवा

उत्तर : ताई, पैज लावायच्या आधी मुलांना प्रत्येक कोपऱ्यात किती कडा येतात ते मोजायला लावा. ऑयलरने १७३६ मध्ये कोनिग्सबर्गच्या पुलांसाठी हेच केलं होतं. ज्या कोपऱ्यात विषम कडा येतात तिथे तारेचं एक टोक सुटणारच, आणि एका तारेला टोकं दोनच, म्हणून विषम कोपरे मोजा आणि निम्मे करा, तेवढ्या तारा किमान. घनाला आठही कोपरे विषम, चार तारा. चतुष्फलकाला दोन. वीस त्रिकोणांचा विंशतिफलक तर सहा खातो. अष्टफलकाला विषम कोपरा एकही नाही, एकच तार सुरू केली तिथे परत येते, आणि वरच्या पत्रातल्या कंदिलालाही तसंच, प्रत्येक कोपऱ्यात चार कडा, हे मुलांना सांगू नका, शोधू द्या. स्ट्रॉ आणि दोरा वापरलात तर पळवाट आहे, प्रत्येक स्ट्रॉमधून दोरा दोनदा घातला की सगळे कोपरे आपोआप सम होतात आणि एकच दोरा कुठल्याही आकाराला पुरतो. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या लोकांनी २०१५ मध्ये असाच मार्ग कॉम्प्युटरकडून काढून घेऊन डीएनएच्या एका लांब धाग्याचा नॅनो आकाराचा ससा केला, त्रिकोणांच्या जाळीचा. ससा ऐकून मागचे बाकही जागे होतील.

प्रश्न : नेरूळला राहते, आर्किटेक्चर शेवटचं वर्ष. प्रोजेक्टमध्ये खाडीकडच्या बाजूला एक फ्री-फॉर्म जाळीचं छप्पर आहे, स्टीलचं, ग्रासहॉपर या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये केलंय, रेंडर भारी आलाय. पण ज्युरीने एकच विचारलं की नोड, म्हणजे पाइप एकत्र येतात तो सांधा, कसा बनवणार, सगळे नोड वेगवेगळे आहेत, आणि मी गप्प. सगळे नोड एकसारखे करावेच लागतात का? आणि ग्रासहॉपर सोडून फुकटात काही आहे का?
— एक विद्यार्थिनी, नेरूळ

उत्तर : ज्युरीने बरोबर जागी बोट ठेवलं, खरं तर रेंडर बघायच्या आधीच हे विचारायला हवं होतं. एकसारखे करावे लागत नाहीत. ब्रिटिश म्युझियमच्या ग्रेट कोर्टचं छप्पर बघ, २००० साली उघडलं, जाळीचं गणित बाथ विद्यापीठाच्या ख्रिस विल्यम्सचं, त्यात ३,३१२ काचा, ४,८७८ पट्ट्या आणि १,५६६ नोड, आणि त्या तुकड्यांत एकसारखे शोधत बसू नको. वेगवेगळे नोड चालतात, अट एवढीच की ते हाताने काढायचे नाहीत, नियमाने काढायचे.

नियम असा. प्रत्येक बिंदूला विचारायचं, तुझे शेजारी कोण? प्रत्येक शेजाऱ्याकडे एक दिशा काढायची, त्या दिशेला सॉकेट किंवा प्लेट ठेवायची, सगळ्यांत जवळच्या दोन दिशांमधला कोन बघून पाइप किती मागे थांबणार ते काढायचं (सूत्र वर ऐरोलीच्या उत्तरात आहे), ती लांबी पट्टीतून वजा करून कटिंग लिस्ट, आणि प्रत्येक तोंडावर शेजाऱ्याचा नंबर. झालं, एका नोडसाठी लिहिलं की हजारांसाठी तेच चालतं. कोनावर मात्र डोळा ठेव, साठ अंशाला १६ मिमी त्रिज्येचा पाइप २८ मिमी मागे थांबतो, वीस अंशाला तोच ९१ मिमी मागे जातो आणि नोड ढोबळ गोळा होतो. म्हणून जिथे चिमटे कोन येतायत तिथे नोड सुंदर करत बसण्यापेक्षा जाळीच बदल, ते जास्त स्वस्त.

हे सगळं चालायच्या आधी जाळी स्वच्छ आहे का बघ. दोन रेषा एकाच बिंदूत संपतात असं दिसतं पण आत पाव मिलिमीटरचा फरक असतो, सॉफ्टवेअर दोन नोड मोजतं आणि तू एक समजतेस. पकडायची युक्ती म्हणजे बिंदू वजा कडा अधिक पृष्ठं. कुठेही भोक नसलेल्या छपराला १ यायला हवा. ग्रेट कोर्टचे आकडे घाल, १,५६६ वजा ४,८७८ अधिक ३,३१२, शून्य येतो, कारण मध्ये वाचनालयाचा गोल घुमट आहे, म्हणजे छपराला एक भोक. तुझ्या छपराला एक चौक असेल तर शून्य, दोन असतील तर उणे एक. दुसरं काही आलं तर कुठेतरी बिंदू डबल झालाय.

पाइप गोल घेतलेस तर एक डोकेदुखी कमी. चौकोनी पाइप घेतलास की तो नोडला कुठल्या अंगाने टेकणार हेही ठरवावं लागतं, आणि वक्र छपरावर त्रिकोणी जाळी असली की एका टोकाला सरळ बसवलेला पाइप दुसऱ्या टोकाला थोडा पिळलेला निघतो. ज्युरीत कोणी स्ट्रक्चरवाला असेल तर तो हेच विचारणार, उत्तर तयार ठेव.

बनवायचं कसं? थ्रीडी प्रिंटेड स्टीलचे नोड अरुप या इंजिनिअरिंग कंपनीने २०१४ मध्ये करून दाखवलेत, प्रोजेक्टला लिहायला छान, पण अख्ख्या छपराला खर्च परवडायचा नाही. मी असतो तर गुंतागुंत सपाट पत्र्यात टाकली असती. मधे पाइपचा आखूड तुकडा, त्याला प्रत्येक दिशेला एक लेझर कट प्लेट, प्लेटमध्ये खाच अशी की ती पाइपवर एकाच कोनात बसते, चुकीची बसतच नाही, आणि नंबर लेझरनेच कोरलेला. वागळे इस्टेट किंवा रबाळे एमआयडीसीत डीएक्सएफ फाइल (कटिंगचं ड्रॉइंग) दिली की पत्रा कापून मिळतो, प्रत्येक प्लेट वेगळी असली तरी मशीनला काय फरक पडतोय. वेल्डरला पडतो. म्हणून कोन मोजायचं काम वेल्डरवर टाकायचं नाही.

आणि एक आपल्याकडचं उदाहरण ज्युरीपुढे नक्की ठेव. दिल्लीच्या प्रगती मैदानावरचं हॉल ऑफ नेशन्स, १९७२, राज रेवाल आर्किटेक्ट, महेंद्र राज इंजिनिअर. स्पेस फ्रेम, म्हणजे सगळ्या दिशांनी दांडे जोडलेली जाळी, म्हटलं की स्टील, पण स्टील तेव्हा परवडत नव्हतं म्हणून त्यांनी अख्खी स्पेस फ्रेम जागेवर काँक्रीटमध्ये ओतली, नोडसकट. प्रत्येक सांध्यात इतक्या दिशांनी येणाऱ्या सळया बसवायच्या आणि वर काँक्रीट आत पोचलं पाहिजे, ते लोकांनी हाताने केलं. २०१७ च्या एप्रिलमध्ये पाडलं, त्यावर मला बोलायला लावू नको, संपादक कापतील.

फुकटात हवं असेल तर ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये जिओमेट्री नोड्स आहेत (हे नोड म्हणजे सांधे नव्हेत, आज्ञांचे ठोकळे), आणि नुसते जोड काढायला ओपनएससीएडी, त्यात चित्र नाही काढायचं, कोड लिहायचा, पण वरचा नियम त्यात पानभरात मावतो.

प्रश्न : वागळे इस्टेटमध्ये फॅब्रिकेशनचं छोटं युनिट आहे. मॉलच्या डेकोरेशनसाठी पाइपच्या जाळीचा चेंडूसारखा मोठा गोल करायची ऑर्डर आहे. बोल्टवाला बॉल जॉइंट घेऊ की सरळ वेल्ड मारू?
— एक फॅब्रिकेटर, ठाणे

उत्तर : दरवर्षी उतरवून परत लावायचा असेल तर बोल्ट, एकदाच असेल तर वेल्ड. पण तयार बॉल घ्यायच्या आधी भोकं बघा. मेंगरिंगहाउझेन नावाच्या जर्मन इंजिनिअरने काढलेल्या मेरो पद्धतीच्या बॉलला १८ भोकं असतात आणि ती ४५, ६०, ९० अशा ठरलेल्या कोनांत, सपाट जाळीच्या छपराला ती झकास, गोलाला नाही, गोलाचे कोन त्यात बसतच नाहीत. तुम्हाला कोऱ्या बॉलवर कोनाप्रमाणे ड्रिल मारून घ्यावं लागेल. वेल्ड करणार असाल तर प्रत्येक प्रकारच्या नोडचा एक जिग (पाइप ठरल्या कोनात धरून ठेवणारा साचा) बनवा, आणि कुठल्याही पद्धतीत एक पाळा, शेवटची रिंग जुळेपर्यंत एकही बोल्ट फुल टाइट करू नका आणि वेल्ड नुसता टाका मारून ठेवा.